कुंडीला पाच भोकं आहेत तरी मोगरा बुडतोय! निचऱ्याचं नक्की काय करायचं?

मोगरावेडी (डोंबिवली), १४ जुलै

नमस्कार मंडळी, बागकामाच्या जुन्या धाग्यावर विचारणार होते पण तिकडे सध्या आंब्याच्या कोयी रुजवण्यावरून भांडणं चाललीयेत म्हणून वेगळा काढतेय, हलवायचा असेल तर हलवा.

तर तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी, ग्रिलमध्ये आठ-दहा कुंड्या. त्यातला मोगरा एप्रिलमध्ये नर्सरीतून आणला, १२ इंची प्लास्टिकच्या कुंडीत लावला, मे महिनाभर रोज ओंजळभर फुलं. जून संपता संपता पानं पिवळी पडायला लागली आणि आता आठवडा झाला, मान टाकून बसलाय. मला वाटलं पाणी कमी पडतंय (ग्रिलवर पत्रा आहे, पाऊस तिरपा आला तरच लागतो) म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या घालतेय, तर जितकं घालावं तितका जास्तच मलूल. भोकं आहेत, पाच आहेत, मी मोजलीत. तळाला दोन इंच खडे पण घातलेत. मग निचरा व्हायला पाहिजे ना? शेजारच्या काकू म्हणतात दृष्ट लागली.

चहाबिस्कीट, १४ जुलै

काकूंच्या ग्रिलमध्ये मोगरा आहे का आणि तो कसाय ते बघा आधी :)

बांधावरून, १४ जुलै

ताई पहिलं म्हणजे तांब्या खाली ठेवा. बोट दोन पेरं मातीत खुपसा आणि बाहेर काढून वास घ्या. लाजू नका, आमचे वडील अजून शेतात माती हातात घेऊन हुंगतात. काय वास येतो ते लिहा मग बोलू.

मोगरावेडी, १४ जुलै

घातलं बोट. ई. वरचा अर्धा इंच कोरडा आणि खाली गार गार चिखल, आणि वास सडक्या अंड्यासारखा. बाहेरून बघितलं तर अजिबात कळत नव्हतं हो.

बांधावरून, १४ जुलै

तेच. झाड तहानलेलं नाहीये, गुदमरलंय. आमच्याकडे (सातारा साईड, काळी जमीन) याला सरळ शब्द आहे, वाफसा नाही. जमिनीत ओल पण पाहिजे आणि हवा पण पाहिजे, दोन्ही असतील तो वाफसा. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्या सगळ्या पाण्याने भरल्या की मुळांना श्वास घ्यायला हवा राहत नाही, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढतच नाही. म्हणून वर पान असं दिसतं की जणू पाणीच मिळालं नाही. मग माणूस अजून पाणी घालतो. हा सगळ्यात जुना फास आहे, पुण्यात आल्यावर मी स्वतः दोन जास्वंदी अशाच मारल्यात, शेतकऱ्याचा पोरगा असून. चिखलात मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं पण फावतं, एकदा मुळाला लागली की आवरत नाही.

त्या अंड्याच्या वासाचा अर्थ खाली हवा अजिबात नाही. झाड कुंडीतून काढावं लागणार.

कुंडीवाली आजी, १५ जुलै

मोगरावेडी, खडे घातलेस ते बरोबरच केलंस, पण खड्यांऐवजी खापऱ्या घालायच्या असतात. माझ्या सासूबाईंपासून आमच्याकडे तळाला खापऱ्यांचा थर, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती. पन्नास वर्षांत निचऱ्याचा प्रश्न आला नाही. हल्लीचं ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बंद करा आधी.

निम्न_मध्यम, १५ जुलै

आजी, अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं भांडतो. तळाच्या थराने निचरा सुधारत नाही, उलट थोडा बिघडतो. मलाही खरं वाटलं नव्हतं, म्हणून घरी करून बघितलं. तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम.

भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या, नवीन, लांबट. पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा. बाहेर काढून आडवा धरा, न पिळता. पाणी ठिबकेल आणि एका क्षणी थांबेल. आता काही करू नका, फक्त तो लांब कडेवर उभा करा. परत पाणी गळायला लागेल! थांबलं की अजून फिरवून टोकावर उभा करा, सगळ्यात उंच. अजून गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, पिळलेलं नाही.

म्हणजे काय तर मातीच्या सगळ्यात खालच्या भागात एक ओला पट्टा कायम राहतोच, वजनाने जेवढं खाली उतरायचं तेवढं उतरतं आणि बाकीचं बारीक पोकळ्या धरून ठेवतात. तो पट्टा किती जाड ते माती किती बारीक त्यावर ठरतं, कुंडी किती खोल त्यावर नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या मोठ्या खड्यांच्या पोकळीत आपणहून उडी मारत नाही, माती पूर्ण गच्च झाली की मगच ठिबकतं. त्यामुळे १२ इंची कुंडीत दोन इंच खडे घातले की ओला पट्टा दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. आपण मुळांना पाण्यापासून लांब नेत नाही, पाणीच उचलून मुळांपाशी आणतो.

चहाबिस्कीट, १५ जुलै

घरातला स्पंज भिजवून सिंकवर उभा धरून बसलोय, बायको विचारतेय बरं वाटत नाहीये का. पण गळतंय खरं!!

कुंडीवाली आजी, १५ जुलै

बाळा, माझा नवाकोरा स्पंज वाया घालवलास. गळालं, मान्य. पण मग आमच्या सासूबाईंची झाडं कशी जगली ते सांग.

निम्न_मध्यम, १५ जुलै

आजी, त्या कुंड्या कशाच्या होत्या?

कुंडीवाली आजी, १५ जुलै

मातीच्या. कुंभारवाड्यातून आणायचो. बाहेरून पांढरी पांढरी खार यायची.

निम्न_मध्यम, १५ जुलै

मग तिथेच उत्तर आहे. भाजलेल्या मातीची कुंडी सगळ्या अंगाने पाणी बाहेर सोडते, माठ जसा पाझरतो आणि पाणी गार करतो तसं. ती खार म्हणजे आतलं पाणी भिंतीतून बाहेर येऊन उडून गेल्यावर मागे राहिलेले क्षार. झाडं त्या भिंतीने वाचवली, श्रेय खापऱ्यांना गेलं. प्लास्टिकला ते जमत नाही, तिथे पाणी जाणार ते खालच्या भोकातून नाहीतर पानांतून. भोकावर एकच खापरी पालथी ठेवा की, माती वाहून जायला नको म्हणून, तेवढी चालते. त्यापेक्षा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अजून बरा. थर नको एवढंच माझं म्हणणं.

बांधावरून, १५ जुलै

आणि कोकोपीटवर सगळा राग काढू नका आजी. वाईट ते नाही, त्याचा भुगा झालेला असतो ते वाईट. विटेसारखं दाबलेलं आणतो आपण, बादलीत फुगवतो आणि तसंच ओततो. एकतर ते दोन-तीन पाण्यातून धुवायला पाहिजे, क्षार असतात त्यात. दुसरं म्हणजे वर्षभरात ते अजून बारीक होतं आणि चिखलासारखं बसतं.

मोगरावेडी, १७ जुलै (रविवार)

आज काढला. सविस्तर लिहितेय कारण एवढं सगळं खाली दडलेलं असेल असं स्वप्नात नव्हतं.

गॅलरीत पेपर पसरला, कुंडी आडवी केली, कडेला थापट्या मारल्या आणि बुंध्याला धरून ओढलं तर सगळं एकसंध बाहेर आलं, साच्यातून गुळाची ढेप काढल्यासारखं. तर
कुंडीचं बूड सपाट आहे आणि ती थेट फरशीवर. पाच भोकांपैकी मधलं एक आणि कडेची दोन फरशीला चिकटून बंद. कुंडी उचलल्यावर फरशीवर गोल ओला डाग आणि त्यात गोम. किंचाळले. चौथ्या भोकातून मुळं बाहेर आलेली आणि ती काळी. म्हणजे वाहतं भोक एकच.

तळाचे खडे बघितले तर एकात एक चिखल बसून घट्ट, खडे कुठले आणि माती कुठली कळेना. निम्न_मध्यम तुम्ही जिंकलात.

आणि खरी गंमत मध्ये. नर्सरीच्या पिशवीतून काढून मी जशीच्या तशी लावली होती ना (मुळं हलू नयेत म्हणून, सगळे तसंच सांगतात), तो लाल मातीचा गोळा तसाच्या तसा आत बसलेला. बाहेर माझी भुसभुशीत माती, आत नारळाएवढा चिकण गोळा. बाहेरून मुळं जवळपास नाहीतच. गोळा फोडला तर आतली मुळं तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो.

बांधावरून, १७ जुलै

ताई हा गोळा म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या मेलेल्या झाडांचं कारण आहे, कुणी बोलत नाही यावर. आपल्या नर्सऱ्यांत बरीच रोपं बाहेरून येतात, आंध्रातलं राजमहेंद्रीजवळचं कडियम त्यासाठी प्रसिद्धच आहे, ट्रकच्या ट्रक येतात. प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून चिकण मातीत घट्ट बांधलेली असतात. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, रोप हजार किलोमीटर टिकायला पाहिजे. पण घरी आणल्यावर तो गोळा आणि बाहेरची हलकी माती यांचं जमत नाही. पावसाळ्यात गोळा ओला तो ओलाच. उन्हाळ्यात उलटं, एकदा वाळला की विटेसारखा होतो, पाणी बाजूने पळून जातं आणि कुंडीतून भसाभस वाहताना दिसतं.

आता असं करा. बादलीत पाणी, त्यात गोळा बुडवून ठेवा पंधरा-वीस मिनिटं, मग हाताने हळूहळू चिखल सोडवा. साल निघणारी, काळी, मऊ मुळं कात्रीने उडवा. पांढरी आणि टणक तेवढी ठेवा. वरच्या फांद्या निम्म्यावर छाटा, मुळं एवढी कमी झालीत तर पानांचा भार कोण पेलणार. आणि परत १२ इंचीत लावू नका! ६ किंवा ८ इंची घ्या. उरलेल्या मुळांना जेवढं पाणी पिता येईल तेवढीच माती.

मोगरावेडी, १७ जुलै

केलं. पांढरी मुळं मोजून मूठभर निघाली. माती कशी बनवू ते पटकन सांगा, मोगरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय बाळंतिणीसारखा.

निम्न_मध्यम, १७ जुलै

मी मुंबई-ठाण्याच्या पावसासाठी वापरतो ते: एक भाग बागेची लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत (शेणखत किंवा गांडूळखत), एक भाग भरड काहीतरी. हे 'भरड काहीतरी' महत्त्वाचं. विटेचा चुरा सगळ्यात स्वस्त. आजूबाजूला रिडेव्हलपमेंट चालू असेलच, चार अर्ध्या विटा मागून आणा, फक्त प्लास्टर आणि सिमेंट चिकटलेलं नको, त्यातल्या चुन्याने माती बिघडते. गोणपाटात घालून हातोडीने फोडा. मग चाळायचं, दोनदा. गव्हाच्या चाळणीवर मोठे तुकडे राहतात ते बाजूला, खाली पडलेलं रव्याच्या चाळणीवर घ्या, त्यातून पडणारी पूड फेकून द्यायची. मधलं उरतं ते ज्वारीच्या दाण्यापासून चण्याएवढं, तेच पाहिजे. पूड टाकायचा कंटाळा केला तर सगळं मुसळ केरात, तीच पूड जाऊन पोकळ्या बुजवते.

बोन्सायवाले जळक्या कोळशाचा चुरा वापरतात, तोही छान. परलाईट (भाजून फुगवलेले पांढरे दाणे, नर्सरीत मिळतात) हलकं आहे, गॅलरीवर वजन पडत नाही, पण महाग आणि पाणी घातलं की वर तरंगतं.

कुंडीवाली आजी, १७ जुलै

आणि वाळू? आम्ही वाळू घालायचो.

बांधावरून, १७ जुलै

आजी तेव्हा नदीची भरड वाळू मिळायची. आता बांधकामावरची क्रश सँड मिळते, त्यात दगडाची पूड खच्चून भरलेली. चिकण मातीत ती थोडीशी मिसळली तर गिलावा तयार होतो, वाळला की ठोकून फोडावा लागतो. घालायचीच तर धुऊन, चाळून आणि भरपूर. चिमूटभर वाळूने काही होत नाही.

कोकणकडा, १८ जुलै

चिपळूणहून. आमच्याकडे उलटा त्रास, तोही लिहितो म्हणजे सगळेच भोकं पाडत सुटायला नको. इथली जांभ्याची लाल माती, पाणी थांबतच नाही, आणि पाऊस असा की कुंडी चार महिने धुऊन निघते. पाण्याबरोबर खत पण जातं. जुलैत आमची पानं पण पिवळी होतात पण मुळं पांढरीशुभ्र, नुसती उपाशी असतात. तेव्हा पान पिवळं दिसलं की लगेच मुळं कुजली म्हणू नका, आधी उकरून बघा. आम्ही पावसात कुंडीत खत एकदम घालत नाही, दर दोन आठवड्यांनी मूठमूठ.

आणि अडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती पावसातून उचलून वळचणीला न्या. माती कितीही भरड असू दे, रोज भिजली तर अडेनियमचा तो गलेलठ्ठ बुंधा आतून मऊ होतोच. अंगठ्याने दाबून बघायचं, दबला तर खेळ संपला.

एडिसनकर, १८ जुलै

न्यूजर्सीतून वाचतेय, धागा मस्त चाललाय. इकडे माझा कढीपत्ता (इथल्या प्रत्येक मराठी घरात एक असतो आणि प्रत्येक घरात हिवाळ्यात मरतो). माझा प्रॉब्लेम असा होता की पाणी घातलं की दहा सेकंदात खालून बाहेर, मला वाटायचं वा काय निचरा आहे! आणि झाड सुकतंय. इथलं पिशवीतलं पॉटिंग मिक्स (कुंडीसाठी तयार माती) पीटचं, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचं असतं, ते एकदा कडकडीत वाळलं की पाणी झटकून टाकतं, मग मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली. मध्ये सगळं कोरडं ठक्क. शेवटी अख्खी कुंडी टबमध्ये अर्धा तास बुडवून ठेवली, बुडबुडे येऊन येऊन थांबले तेव्हा भिजली. त्यामुळे पाणी पटकन बाहेर आलं म्हणजे निचरा चांगला असं धरून चालू नका, कुंडी उचलून वजन बघा.

अजून एक, दिवाळीत मैत्रिणी सुंदर चिनी मातीच्या कुंड्या देतात त्यांना भोकच नसतं. मी आत साध्या प्लास्टिकच्या कुंडीत झाड लावते आणि ती नुसती आत ठेवते, पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की परत.

चहाबिस्कीट, १८ जुलै

भोक नसलेल्या कुंडीला ड्रिलने भोक पाडता येतं का? विचारतोय मित्रासाठी. मित्राने काल एक फोडली.

निम्न_मध्यम, १८ जुलै

मित्राला सांगा हॅमर मोड बंद. टाइलला भोक पाडायचं बिट घ्या, जागेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही, कुंडी पालथी करून खाली जुना टॉवेल, स्पीड कमी, वरून थेंब थेंब पाणी, आणि जोर लावायचा नाही. सिमेंटच्या कुंडीला साधं दगडी बिट चालतं. रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांना तर तापवलेली सळई पण पुरते, फक्त मोकळ्या हवेत, धूर नाकात जाऊ देऊ नका. बादलीला तळाबरोबर कडेला पण भोकं पाडा, बुडापासून अर्ध्या इंचावर, म्हणजे तळ फरशीला टेकला तरी वाट राहते.

मोगरावेडी, १९ जुलै

लावला! ८ इंची मातीच्या कुंडीत, आजींच्या आग्रहास्तव. खाली विटेचे तीन तुकडे ठेवून कुंडी उचलली, फरशी आणि बूड यांच्यात बोट जातं आता. पण नवीन भानगड. आता पाणी खरंच वाहतं आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाल ठिपके. सेक्रेटरींचा मेसेज आला ग्रुपवर, नाव न घेता, पण फोटो माझ्या ग्रिलचा. ताटल्या ठेवू का?

बांधावरून, १९ जुलै

ठेवा पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करायची. नाहीतर बूड परत पाण्यात आणि सगळं मुसळ पुन्हा केरात. शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात त्याला. आणि नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी राहू शकतात महिनोन्‌महिने, आठवड्यातून एकदा ताटली घासायची.

चहाबिस्कीट, १९ जुलै

त्या डासाचं नाव एडिस ना? एडिसनकरबाई, तुमच्या गावचा दिसतोय.

एडिसनकर, १९ जुलै

हो हो, कढीपत्त्याबरोबर पाठवलाय.

निम्न_मध्यम, १९ जुलै

ताटली नको असेल तर अजून एक आयडिया, वात. नायलॉनच्या दोरीचा वीतभर तुकडा भोकातून चार बोटं आत मातीत आणि बाकीचा खाली लोंबता, लावतानाच घालायचा. तळाचा तो ओला पट्टा दोरीवरून खाली उतरतो. सुती दोरी नको, कुजते. नायलॉनच्या दोरीचं लोंबतं टोक बाटलीत सोडलं की चादर पण वाचेल. ज्यांना काहीच करायचं नाहीये त्यांनी जोराच्या पावसानंतर कुंडी थोडी तिरकी करून ठेवा रात्रभर, भोक खालच्या बाजूला येईल अशी. स्पंज उभा केला तसंच आहे ते, बरंच पाणी निघतं.

मोगरावेडी, ३ सप्टेंबर

धागा वर काढतेय. मधले दोन आठवडे नुसत्या काड्या होत्या, नवऱ्याने दोनदा विचारलं टाकायचाय का. पंधरा ऑगस्टच्या सुमारास बुंध्याजवळ मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला, आता तीन फुटवे आहेत, सगळ्यात मोठा बोटाएवढा. पाणी बोट घालून बघून, कधी कधी चार-चार दिवस नाही. जास्वंद आणि तुळस पण काढून बघितल्या, तुळशीत गोळा होता, जास्वंदीत नव्हता.

कुंडीवाली आजी, ३ सप्टेंबर

मातीच्या कुंडीत आला हो. मी म्हटलं नव्हतं?

चहाबिस्कीट, ३ सप्टेंबर

आणि काकूंचा मोगरा?

मोगरावेडी, ३ सप्टेंबर

आहे त्यांच्याकडे पण, आणि तोही पिवळा पडला होता, सांगितलं नव्हतं त्यांनी! मीच जाऊन खाली विटा लावून आले. बरा आहे आता. काकूंनी विटेला लिंबू-मिरची बांधलीये.

कोकणकडा, ४ सप्टेंबर

लिंबू घरचंच का? कुंडीतलं असेल तर कितव्या वर्षी लागलं विचारा ना, माझं पाच वर्षं नुसतं वाढतंय.